भूकलाडू, बतासा आणि सुरतेची भट्टी

मराठी लोककथेतला धाकटा मुलगा घर सोडून निघाला, की आई त्याच्या हातात दोन गोष्टी ठेवते: तहानलाडू आणि भूकलाडू. हे लाडू कशाचे वळलेले असतात, किती दिवस टिकतात, पावसात भिजले तर काय होते, हे कोणतीही आजी सांगत नाही. कथेला त्याची गरजही नसते. मुलगा सात डोंगर ओलांडतो, झाडाखाली बसतो, लाडू खातो आणि पुढे चालू लागतो.

युरोपातील कल्पित वाङ्मयातही असे एक अन्न प्रसिद्ध आहे. इंग्रज लेखक टॉल्किन याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत ‘लेंबास’ नावाची पातळ भाकरीसारखी वडी येते. पानात गुंडाळलेली ही वडी मोडली नाही, तर अनेक दिवस ताजी राहते आणि थोडीशी खाल्ली तरी दिवसभराची चाल पुरी होते. त्याच कथेत गॉलम नावाचा एक जीव आहे. तो उपाशी आहे, अन्न समोर आहे, तरीही ती वडी त्याच्या घशाखाली उतरत नाही. प्रवासाच्या अन्नाविषयीचे दोन प्रश्न या एका प्रसंगात एकत्र आले आहेत. अन्न किती दिवस टिकते, हा पहिला. ते कोणाला चालते, हा दुसरा. सुरतेच्या बंदरात हे दोन्ही प्रश्न कल्पित नव्हते, आणि तेथील एका भट्टीने दोहोंना मिळून एकच उत्तर दिले.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. गोव्याच्या वाचकाने त्यापूर्वीचे १५३० हे सालही लक्षात ठेवायला हरकत नाही. त्या वर्षी पोर्तुगीज आरमाराने हे शहर जाळले होते. पुढे १५५९ मध्ये सुरतेच्या दक्षिणेकडील दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात आले, आणि १९८७ पर्यंत त्याचा कारभार गोव्याशी जोडलेला राहिला. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली आणि तापीकाठचे हे शहर मोगल साम्राज्याचे मुख्य बंदर झाले. तापीच्या गाळामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती समुद्रकिनाऱ्यावरील सुवाळी येथे नांगर टाकीत.

याच बंदरातून हजचे यात्रेकरू निघत. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेली मुगलसराई आजही उभी आहे. सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय त्याच वास्तूत आहे, आणि कराची पावती घेण्यासाठी तेथे जाणाऱ्या कित्येकांना आपण एका धर्मशाळेत उभे आहोत याची कल्पनाही नसते. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे साधारण मार्च महिन्यात वारा पाहून सुटत आणि सप्टेंबरच्या सुमारास परतत. १६९५ मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटलेले औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज अशाच परतीच्या वाटेवर होते. यात्रेकरूंबरोबर व्यापारीही असत. मोखा आणि मस्कत येथे गुजराती वाण्यांच्या पेढ्या होत्या. एका जहाजावर मुसलमान यात्रेकरू, हिंदू व जैन व्यापारी, पारशी, खलाशी असे सगळे असत. प्रत्येकाचे खाण्याचे नियम वेगळे आणि चूल पेटवण्याची सोय मात्र बेताची. लाकडी जहाजावर विस्तव हे मोठे भय. समुद्र खवळला की चूल विझवावीच लागे. अशा वेळी पोटात जाणार ते कोरडे, आधीच शिजवलेले आणि गाठोड्यात बांधलेले अन्नच.

अन्न का नासते, याचे उत्तर बव्हंशी एका शब्दात देता येते: पाणी. जिवाणू आणि बुरशी यांना वाढण्यासाठी अन्नातील मोकळे पाणी लागते. ताज्या पावात ते साधारण ३५ ते ४० टक्के असते, म्हणून पाव तीन-चार दिवसांत बुरसतो. तोच पाव कापून मंद भट्टीत पुन्हा वाळवला आणि त्यातील पाणी पाच टक्क्यांच्या खाली आणले, तर बुरशीला थाराच उरत नाही. मीठ आणि साखर हेही दुसऱ्या वाटेने तेच काम करतात. ती पाणी आपल्याशी बांधून ठेवतात, म्हणून लोणचे आणि मुरांबा टिकतो. तुपात तर पाणी जवळजवळ नसतेच. परंतु तुपातेलाचा शत्रू निराळा. हवा आणि ऊन लागले की स्निग्ध पदार्थ खवट होतात. त्यामुळे टिकाऊ अन्न करणाऱ्याला नेहमी एक निवड करावी लागते. चव आणि खुसखुशीतपणा हवा असेल तर तूप घालावे आणि मुदत कमी धरावी. वर्षभर टिकवायचे असेल तर तूप वगळावे आणि दातांची काळजी सोडून द्यावी.

युरोपच्या जहाजांनी दुसरी वाट धरली. पीठ, पाणी आणि फार तर थोडे मीठ यांची टणक चकती, भाजलेली आणि मग सुकवलेली. ‘बिस्कीट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘दोनदा भाजलेले’ हा अर्थ आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘बिस्कोयतु’ आणि डच भाषेतील ‘बेसख्यूट’ ही त्याचीच भावंडे. लिस्बनहून गोव्याकडे येणाऱ्या आरमारासाठी ही बिस्किटे तेजू नदीपलीकडील व्हाले द झेब्रू येथील राजाच्या भट्ट्यांत भाजली जात. डच जहाजांसाठी ॲमस्टरडॅमच्या उत्तरेकडील वोर्मर आणि यिस्प ही गावे याच धंद्यावर नावारूपाला आली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल पीप्स याने १६७७ मध्ये ठरवून दिलेल्या शिध्यात प्रत्येक खलाशाला दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम बिस्कीट मिळे. ते इतके टणक असे की पाण्यात, बियरमध्ये किंवा रश्श्यात भिजवल्याशिवाय खाणे कठीण. पुष्कळदा त्यात किडे होत, आणि खलाशी ते आपटून झटकून खात.

या बिस्किटाने पोट भरले, जीव मात्र वाचला नाही. वाळवताना पाणी जाते, तसे ‘क’ जीवनसत्त्वही नसल्यातच जमा होते. लिस्बन ते गोवा हा प्रवास सुमारे सहा महिन्यांचा. वाटेत ताजी फळे आणि भाजी मिळाली नाही, की हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. जुन्या गोव्यातील राजाचे इस्पितळ मुख्यतः अशाच खलाशी-सैनिकांनी भरलेले असे. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून दाखल झाला आणि त्याने त्या इस्पितळाचे तपशीलवार वर्णन करून ठेवले. लिंबू-संत्र्याचा गुण जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने १७४७ मध्ये प्रयोगाने दाखवला. तोवर किती माणसे समुद्रात टाकली गेली असतील, याचा अंदाजच केलेला बरा. अन्न टिकणे आणि माणूस टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सुरतेहून निघणाऱ्यांना निदान एक सोय होती: तांबड्या समुद्राची वाट तुलनेने जवळची होती.

आपल्याकडे टिकाऊ शिदोरीचा विचार शतकानुशतके झाला, पण तो पाकशास्त्राइतकाच शुद्धाशुद्धतेच्या भाषेत झाला. शिजवलेले अन्न कोणाच्या हातचे घ्यावे याचे निर्बंध कडक, मात्र कोरडा शिधा कोणाकडूनही घ्यायला हरकत नाही, ही महाराष्ट्र-गोव्यातील रीत जुन्या पिढीला चांगली माहीत आहे. पाण्यात कालवलेल्या पिठाची भाकरी लवकर ‘शिळी’ आणि ‘ओवळी’ होते. तेच पीठ दुधात भिजवले की तिला दशमी म्हणतात आणि ती प्रवासात चालते. येथे नासण्याचा आणि विटाळाचा विचार एकाच गोष्टीभोवती फिरतो, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी.

गुजरातेतील जैन आचारात हा हिशेब अधिक काटेकोर आहे. रात्र उलटलेले ओलसर अन्न वर्ज्य. मात्र दोन्ही बाजूंनी दाबून कडक भाजलेला खाखरा चालतो, आणि त्यालाही ऋतूप्रमाणे मुदत आहे: हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २०, पावसाळ्यात १५. हे आकडे धर्मनियम म्हणून पाळले जातात. पण दमट हवेत अन्न लवकर बिघडते, या अनुभवाचेच ते कोष्टक आहे. गव्हाचे पीठ तुपात भाजून गुळात आळवलेली सुखडी हीसुद्धा गुजराती प्रवाशाची जुनी सोबतीण. तिच्यात पाण्याचा थेंब पडत नाही, म्हणून ती टिकते. गंमत अशी की उत्तर गुजरातेतील महुडीच्या जैन मंदिरात सुखडीचाच प्रसाद मिळतो आणि तो मंदिराच्या आवाराबाहेर नेण्यास मनाई आहे. वाटेसाठीच जन्मलेला पदार्थ तेथे वाटेला लागू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर फिरंग्यांचा पाव म्हणजे मोठेच संकट होते. तो ओला, परक्या हातचा, आणि वर ताडीने आंबवलेला. पोर्तुगीजांनी पाव आणला तेव्हा येथे युरोपातल्यासारखे यीस्ट नव्हते. म्हणून गोव्यात माडाची सूर वापरून पीठ फुगवण्याची युक्ती रूढ झाली. पावाचा तुकडा विहिरीत टाकला आणि नकळत ते पाणी प्यायलेले गावच्या गाव बाटले, ही कथा वसईपासून सासष्टीपर्यंत सांगितली जाते. ती शब्दशः किती खरी, हा भाग वेगळा. तिच्यातील भीती मात्र खरी होती. बाटलेल्याला परत घेणारे दार सहसा नव्हते. एका घासाने, तोही न खाल्लेल्या, माणसाचे घर, सोयरे आणि स्मशान बदलू शकत होते. टॉल्किनच्या गॉलमला घास नुसता अडकला, येथे त्याच्यामागून आयुष्य जाई.

डचांनी सुरतेत आपली वखार सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातली आणि ती १८२५ मध्ये इंग्रजांच्या हवाली होईपर्यंत चालवली. त्यांच्या खुणांपैकी सर्वांत ठळक खूण म्हणजे कतारगाम दरवाजाजवळची दफनभूमी. तेथे हेंड्रिक फान रेड याची घुमटदार समाधी आहे. १६९१ मध्ये कोचीहून सुरतेकडे येताना समुद्रातच त्याचा मृत्यू झाला. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनी त्या कामी साहाय्य केले, आणि त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापले गेले. त्या ग्रंथात पहिले चित्र आहे ते माडाचे. विषय ताडीमाडीचा निघालाच आहे, तेव्हा सुरतेला जाणाऱ्या गोमंतकीयाने ही समाधी चुकवू नये.

डचांना पाव लागे, म्हणून वखारीशी संबंधित एक भट्टी सुरतेत होती, असे सांगितले जाते. हकिकत अशी: डच निघून गेले तेव्हा भट्टी त्यांच्याकडे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थाकडे आली. इंग्रजांना पाव पुरवण्याचा धंदा काही काळ चालला. मग सुरतेतील गोऱ्यांची संख्या घटली आणि पाव उरू लागला. ताडी आणि अंडी यांच्यामुळे स्थानिक लोक पाव घेईनात. उरलेले पाव भट्टीच्या शिल्लक उष्णतेत वाळून कडक होत. ते स्वस्तात विकले जाऊ लागले आणि चहात बुडवून खाण्यासाठी लोकांना आवडले. पुढे खास वाळवण्यासाठीच लहान गोल पाव भाजले जाऊ लागले. तोच सुरती बतासा.

या हकिकतीत एक खाच आहे. दोटीवालांची पेढी आपली स्थापना १८६१ ची सांगते, आणि डच तर १८२५ मध्येच गेले. मधली छत्तीस वर्षे या गोष्टीत झटकन उडी मारून ओलांडली जातात. खानदानी दुकानांच्या उगमकथा बहुधा अशाच असतात. परंतु तिचा गाभा विश्वसनीय वाटतो, कारण तो पदार्थातच दिसतो. बतासा म्हणजे जहाजी बिस्किटाचाच मवाळ, घरगुती भाऊ. मैदा, मीठ, थोडे तूप, पूर्वी ताडी, आणि काही प्रकारांत जिरे. पीठ आंबवून गोळे भाजायचे, मग मंद आचेत कित्येक तास वाळू द्यायचे. पहिली भाजणी पीठ शिजवते, दुसरी पाणी काढून घेते. चांगला बतासा हातात घेतला तर वजनच लागत नाही आणि मोडला तर कोरडा आवाज येतो. आत ओलसर गाभा राहिला असेल, तर तो आठवडाभरात बिघडतो. भट्टीवाल्याचे कसब त्या शेवटच्या ओलाव्यात आहे.

आणि मुख्य मुद्दा येथेच आहे. तर्काने पाहिले तर बतासाही ताडीचाच, त्याच भट्टीतला, त्याच पारशी हाताचा. जो पाव ओला असताना चालत नव्हता, तो वाळल्यावर अनेकांना चालू लागला. पाणी गेले, आंबूस वास गेला, आणि ‘पाव’ हे बदनाम नावही गेले. त्याच्या जागी आले ‘बतासा’, देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या साखरेच्या बतासाचे नाव. आकार थोडा तसा, म्हणून नाव पडले असेल, पण काम त्या नावाने मोठे केले. पचायला हलका म्हणून तो आजाऱ्यांना दिला जाऊ लागला, आणि पथ्याच्या ताटात एकदा जागा मिळाली की मग बाकीचे घरही खाऊ लागते. जो कोरडेपणा बुरशीला दूर ठेवतो, त्यानेच विटाळाची शंकाही दूर ठेवली.

नानखटाईची वाट याच्या शेजारून जाते. ‘नान’ हा फारसी शब्द भाकरी-रोटीसाठीचा, आणि ‘खटाई’चा संबंध चीनच्या ‘खता’ या जुन्या नावाशी जोडला जातो. सुरतेच्या भट्ट्यांतून अंडी आणि ताडी वगळलेली, तूप, साखर आणि पिठाची नानखटाई निघू लागली, तेव्हा शुद्धतेचा प्रश्न मुळातच संपला. मात्र ती दीर्घ प्रवासाचे अन्न नव्हे. तिच्यातील तूप लवकर खवट होते आणि ती पिशवीत चुरगळते. मुंबईला गेलेल्या सुरती पारशांबरोबर हे दोन्ही पदार्थ तेथे पोहोचले आणि चहाच्या बशीत स्थिरावले.

बतासातील ताडीचा धागा मात्र तुटला आहे. मुंबई राज्यातील १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरात राज्यात पुढे कायम राहिला, आणि त्या कायद्याने ताडीही मद्यच ठरते. यीस्टने पीठ फुगते, पण ताडीची ती किंचित आंबट, फळासारखी चव येत नाही. गोव्यात असा कायदा नाही. तरीही बहुतेक पोदेर आज यीस्टच वापरतात, कारण माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि सूर मिळेनाशी झाली. एकीकडे कायद्याने आणि दुसरीकडे मनुष्यबळाअभावी, पण परिणाम एकच. बतासाचे गोव्यातील नातलग म्हणजे बांगडीच्या आकाराची कडक कांकणे. ती आजही पोदेराच्या टोपलीत येतात आणि तशीच चहात बुडवली जातात. जहाजावर जाणारे गोमंतकीय तारवटी घरची चव म्हणून लोणची, चोरीस आणि सुके मासे बांधून नेत. कडक भाकरीची सोय मात्र जहाज करीतच असे.

सुरतेहून बतासा आणणाऱ्याने एक काळजी घ्यावी. तापीकाठच्या हिवाळ्यात कागदी पुड्यातही चालणारा हा पदार्थ जुलैच्या गोव्यात दोन दिवसांत सादळतो, कारण कोरडे अन्न हवेतील ओलावा सतत शोषून घेते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हा उत्तम उपाय. तरीही मऊ पडलाच, तर तो नासला असे समजून टाकू नये. बुरशी दिसत नसेल आणि तुपाचा खवट वास येत नसेल, तर मंद तव्यावर किंवा भट्टीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावा. गरम असताना भरला, तर झाकणाखाली वाफ धरते आणि सगळी मेहनत पुन्हा पाण्यात जाते.